सूज उतरेल, असं आम्ही सांगायचो

थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि भूल उतरू लागली की पेशंटला पहिला प्रश्न ठरलेला असतो. नाव काय तुमचं? नातेवाइकांना वाटतं, सिस्टर विसरभोळी दिसते. सकाळपासून फाइल काखेत मारून फिरतेय आणि आता नाव विचारतेय. एका म्हाताऱ्याच्या मुलाने तर मला बाजूला घेऊन फाइलवरचं नाव बोटाने दाखवलं होतं. पण आम्हाला नाव नको असतं, आवाज हवा असतो. पेशंट खणखणीत "गोदावरी" म्हणाली की थिएटरमधल्या चार माणसांचे खांदे एकदम खाली येतात.

मी कुसुम इंगळे, मूळची अमडापूरची. मलकापुरात एका खाजगी दवाखान्यात थिएटर सिस्टर म्हणून एकतीस वर्षं काढली, तीही सगळी एकाच सर्जनच्या हाताशी. त्यांना इथे गंधे साहेब म्हणते. साहेब माणूस चांगला, हात सोन्याचा, आणि त्या हाताबद्दल त्यांचं स्वतःचंही हेच मत. शेवटचा टाका घातला की दोन पावलं मागे सरून ते आपल्या कामाकडे बघत राहायचे, अंगणात रांगोळी काढून झालेल्या बाईसारखे. मग माझ्याकडे बघायचे. अशा वेळी "छान आलं, साहेब" म्हणणं हेही माझ्या नोकरीतलंच काम होतं. ते मी विसरले तर पुढच्या केसला चिमटे आपटले जायचे.

ज्यांचा या गोष्टींशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, श्वासनळीवर पुढून खोगीर टाकावं तशी बसलेली. अंगातली चूल मंद ठेवायची की भडकवायची, हे तिच्या हातात. तिच्या मागे दोन्ही बाजूंनी एकेक नस वर चढते, शेवईएवढी बारीक. आवाज या नसांवर चालतो. शिवाय मसुराच्या डाळीएवढ्या चार गाठी तिथे चिकटलेल्या असतात. त्या दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, ओठांना मुंग्या येतात आणि हाताची बोटं वाकडी होतात. आणि या सगळ्या मुलखातून रक्त असं धावतं की विचारू नका. एवढ्याशा जागेत एवढी दाटी मी फक्त मलकापूरच्या स्टँडवर पाहिली आहे.

मी कामाला लागले तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बाया यायच्या त्या पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून. पदर सोडला की आत खरबुजाएवढा गलगंड. वीस-वीस वर्षं सांभाळलेला. एकीला मी विचारलं, "इतकी वर्षं काऊन आल्या नाही?" तर म्हणाली, "काय बाई, दुखत तं नाई. निस्तं पोत घालता येत नाई गळ्यात." खडे मीठ खाणारी गावं होती ती. पुढे पुड्यातलं आयोडीनचं मीठ घरोघर गेलं आणि ती खरबुजं हळूहळू यायची थांबली. साहेबांना त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं. एवढा मोठा गोळा काढल्यावर नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवण्यात जी मजा होती ती बोराएवढ्या गाठीत कुठून येणार.

तेव्हाची पद्धत अशी की रक्ताची नळी दिसली की चिमटा लावा, कापा, रेशमाच्या धाग्याने बांधा. एका ऑपरेशनला मी तीस-चाळीस गाठींचे धागे कापून ठेवायची. आणि त्या नसेबद्दल साहेबांना त्यांच्या गुरूंनी शिकवलेलं सूत्र असं होतं: तिच्या वाटेला जायचंच नाही. शोधायची नाही, पाहायची नाही. आपण तिला दिसलो नाही म्हणजे ती आपल्याला दुखवणार नाही. रस्त्यात उसने पैसे मागितलेला नातेवाईक दिसावा तसं साहेब त्या कोपऱ्यातून नजर चुकवून निघायचे. बहुतेक वेळा निभायचंही.

भामावहिनींच्या वेळी निभलं नाही.

भामावहिनी म्हणजे आमच्या अमडापूरच्या सत्यभामाबाई. कुणब्याचं घर, थोडं वावर, आणि बाजाराच्या दिवशी लाल मिरचीचं दुकान. दुकान म्हणजे दोन पोती आणि एक तराजू. पण आवाज असा की बाजाराच्या या टोकाला त्यांनी "या वं बाया, सुरजागडी तिखट" असं काहीतरी मनचं नाव ठोकून दिलं की त्या टोकाच्या गिऱ्हाइकाला ठसका लागावा. मिरचीचं नाव दर आठवड्याला बदलायचं, मिरची तीच असायची. संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून त्या नवऱ्याला हाक द्यायच्या ती आमच्या वस्तीत बुद्धविहारापर्यंत यायची. माझी आई म्हणायची, चला, भामाचा नवरा जेवायला निघाला, आपणही ताटं घ्या.

त्यांच्या गळ्याला गाठ दिसू लागली, वाढू लागली, झोपताना दम कोंडू लागला. मी सुट्टीवर घरी गेले असताना त्यांनी मला गाठलं. मी तेव्हा अठ्ठावीसची होते. थिएटरची सिस्टर म्हणून गावात माझा भाव वधारलेला होता, तो मला आवडतही होता.

"कुसुम, कापाकापीत माहं काही जाईन तं नाई ना वं?"

"काही होत नाही, वहिनी," मी म्हटलं. "साहेबांचा हात सोन्याचा आहे. गाठ काढतात आणि पाचव्या दिवशी घरी."

हे मी सांगितलं. साहेबांनी नाही, मी. त्या माझ्या शब्दावर चिखली, बुलडाणा करत एसटीने मलकापूरला आल्या. संमतीच्या कागदावर अंगठा घेतला तेव्हा त्यावर काय लिहिलं आहे हे कोणी वाचून दाखवलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

ऑपरेशन सकाळी झालं आणि सुरेख झालं. शुद्धीवर येताना मी नाव विचारलं तर म्हणाल्या, "सत्यभामा. तुले माहीत नाई का?" भूलवाले डॉक्टर हसले. साहेब दोन पावलं मागे सरले. मी "छान आलं, साहेब" म्हटलं. ते जेवायला घरी गेले.

दुपारी तीनच्या सुमाराला वॉर्डातून मला हाक आली. वहिनी उठून बसल्या होत्या, दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून. गळ्याचं ड्रेसिंग ताठ फुगलेलं. श्वास आत घेताना चिमणी ओरडावी तसा आवाज. आत कुठलीतरी रेशमाची गाठ सुटली होती, रक्त साचून श्वासनळी दाबली जात होती. अशा वेळी हातात काही मिनिटंच असतात. साहेबांना फोन लावायला मी आयाला पळवलं. थायरॉइडच्या पेशंटच्या उशाशी टाके कापायची कात्री बांधून ठेवायचा नियम असतो. चार वर्षांत ती कात्री मी फक्त धुऊन परत बांधली होती. त्या दिवशी ती सोडली, आणि पलंगावरच त्यांचे टाके कापले, वरचे आणि आतलेही. काळ्या रक्ताचा गोळा बाहेर पडला आणि वहिनींनी असा श्वास घेतला की वॉर्डातल्या सगळ्या बायांनी सोबत घेतला.

साहेब आठ मिनिटांत आले, हाताला वरण लागलेलं. वहिनींना थिएटरात घेतलं. जखमेत रक्ताचं तळं होतं. सक्शनची नळी लावली की क्षणभर तळ दिसे, पुन्हा भरे. साहेबांनी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा न पाहता, अंदाजाने चिमटा खाली घातला. रक्त थांबलं. त्यांनी बांधलं. मी पाणी टाकून जागा धुतली तेव्हा आम्हा दोघांना एकाच वेळी दिसलं. गाठीच्या आत, रक्तवाहिनीसोबत, एक पांढरी शेवई चेंगरली होती.

साहेबांनी गाठ सोडवली, रक्तवाहिनी वेगळी बांधली. ती शेवई मात्र मधोमध चपटी झाली होती. त्या दिवशी ते मागे सरले नाहीत आणि मीही काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी बोलल्या तर नुसती हवा बाहेर आली. कागद फाटल्यासारखी. त्यांच्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं.

"सूज आहे," साहेब म्हणाले. "उतरेल. गरम पाण्याच्या गुळण्या करा, हळदीचं दूध घ्या."

त्यांनी आरशाने घशात पाहिलं होतं. एका बाजूचा स्वराचा पडदा हलत नव्हता. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. वहिनी दोन महिन्यांनी आल्या, सूज उतरेल. पाच महिन्यांनी आल्या, उतरेल. त्यानंतर त्या आल्या नाहीत. वरांड्यात मला एकटीला गाठून त्यांनी त्या फाटक्या आवाजात विचारलं होतं, "खरं सांग कुसुम, येईन ना?" मी म्हटलं, "येईल, वहिनी. वेळ लागतो."

त्यानंतर मी अमडापूरला जायची ते बाजाराचा दिवस टाळून.

साहेबांबद्दल एक सांगायलाच हवं. त्या घटनेनंतर काही महिन्यांनी ते दोन महिने मुंबईला जाऊन राहिले, आपल्यापेक्षा वयाने लहान सर्जनच्या हाताखाली. परत आले ते उलटं सूत्र घेऊन. नस आधी शोधायची, डोळ्यांनी पाहायची, वरपर्यंत तिचा पाठलाग करायचा आणि मगच ग्रंथीला हात लावायचा. पहिल्या वेळी ती सापडायला त्यांना इतका वेळ लागला की भूलवाले डॉक्टर घड्याळाकडे बघून खोकू लागले. साहेब म्हणाले, "खोका. मी इथेच आहे." त्यांनी कारण कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण त्यानंतरच्या एवढ्या वर्षांत आमच्या हातून नस गेल्याचं मला आठवत नाही. एकदोघींचा आवाज बसला तो काही आठवड्यांत परत आला, खरोखरीची सूज होती ती.

मग एकेक नवलाई येत गेली. सोनोग्राफी आली आणि हाताला न लागणाऱ्या गाठी दिसू लागल्या. सुईने चार पेशी काढून गाठ वाईट आहे की साधी ते आधीच कळू लागलं, त्यामुळे निम्मी ऑपरेशनं होण्याआधीच रद्द. रेशमाच्या धाग्यांच्या जागी चिमट्यासारखं यंत्र आलं, धरलं की रक्तवाहिनी बंद. पहिल्यांदा ते वापरलं त्या दिवशी मी सवयीने चाळीस धागे कापून बसले होते. साहेब म्हणाले, "सिस्टर, आता याच्या वाती करा." पेशंटही बदलले. एक शिक्षक थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायला तयार नव्हते, कारण उपाशीपोटी ते चहा घेत. चहा म्हणजे खाणं नाही, या मुद्द्यावर त्यांनी साहेबांशी अर्धा तास वाद घातला. एका बाईंना वजन कमी करायला थायरॉइड काढून हवं होतं. रिपोर्ट चांगला आहे म्हटल्यावर त्या रागावून दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या.

साहेबांनी काम थांबवलं, पाठोपाठ मी निवृत्त झाले. आणि दीड वर्षापूर्वी माझ्याच गळ्यात गाठ निघाली.

सुईच्या तपासणीत ती संशयास्पद आली, म्हणून अकोल्याला डॉक्टर नाझियाकडे गेले. ही लोणारची मुलगी, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने खुर्ची ओढली आणि चित्र काढून मला सगळं सांगितलं. आवाज, कॅल्शियम, रक्तस्राव. एकतीस वर्षं थिएटरात काढलेल्या बाईला. मी म्हटलं, "मला माहीत आहे गं हे."

"माहीत असेल, सिस्टर. पण मी सांगितलेलं नाही ना," ती म्हणाली, आणि पुढे सुरू राहिली.

तिच्या थिएटरात भूल देताना घशात घालतात त्या नळीतच आता तार असते. नसेला टोकरलं की मशीन टुकटुक वाजतं, म्हणजे नस जिवंत. शुद्धीवर येताना कोणीतरी मला नाव विचारलं. मी म्हणे उत्तर दिलं, "आधी कात्री उशाशी बांधा." आवाज मात्र घोगरा निघाला. संध्याकाळी तर तो जवळजवळ गेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी डॉक्टर नाझिया आली. उभी राहिली नाही, पलंगाच्या कडेला बसली.

"सिस्टर, नस मी शेवटपर्यंत पाहिली, ती शाबूत आहे. पण सोडवताना माझ्याकडून ओढली गेली. शेवटी मशीनचा आवाज मंद आला होता. बहुतेक तुमचा आवाज परत येईल. कधी, ते मला सांगता येणार नाही. नाही आला तर त्यावरही उपाय आहेत, ते आपण तेव्हा बघू."

मला रडू आलं. तिला वाटलं मी घाबरले. ती पाठीवर हात फिरवत राहिली. मी घाबरले नव्हते. एवढं सगळं सांगायला तिला एक मिनिट पुरलं होतं. तेवढंच.

आवाज यायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत रोज सकाळी डोळे उघडले की मी पहिले "अ" म्हणून पाहायची, घरात कोणी जागं व्हायच्या आधी. पूर्ण आवाज आला त्याच आठवड्यात एसटीत बसले आणि अमडापूरला गेले. बाजाराच्याच दिवशी.

भामावहिनी त्याच जागी होत्या. केस पांढरे, पोती दोनच. पुढ्यात बायांचा घोळका. मी थोडी लांब उभी राहून पाहिलं. त्या एकेकीला खुणेने जवळ बोलवत, तिच्या कानाशी वाकत आणि काहीतरी कुजबुजत. बाई मान डोलवून, इकडे तिकडे बघून, मुकाट्याने पिशवी पुढे करी. आपल्यालाच खास भाव मिळाला असं प्रत्येकीचं तोंड.

घोळका विरल्यावर मी पोत्याशी जाऊन बसले. त्यांनी पहिले माझ्या गळ्यावरची रेघ पाहिली.

"तुहीबी काढली का वं?"

"हो वहिनी. वहिनी, ती सूज नव्हती. रक्त थांबवताना चिमट्यात नस सापडली होती. मी तिथे होते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्या मिरच्यांची देठं खुडत राहिल्या.

"मलेबी माहीत होतं," त्या त्यांच्या फाटक्या आवाजात म्हणाल्या. "बैलाच्या पायाची सूज महिन्यात उतरते, माही काय वर्षभर राहीन? पण तू म्हणे येईन, म्हून मी दोन वर्षं रोज पहाटे गोठ्यात जाऊन हाक देऊन पाहे. म्हशी बघत राहत माह्याकडे." मग देठ टाकून दिलं. "तू जीव वाचवला, ते विसरली नाई मी. पण हे तुह्या साहेबानं सांगायले पाह्यजे होतं. त्याले घेऊन ये."

मी आवाजावर आता उपाय निघालेत, अकोल्याला दाखवू, असंही म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आता कोणाले हाक देऊ? घरधनी गेला. अन् गिऱ्हाइकाले सवय झाली."

साहेब आता ऐंशीला टेकलेत. एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने हवं तेवढंच येतं. मलकापुरात त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं तेव्हा ते पंख्याकडे बघत होते. मला वाटलं ऐकलंच नाही.

"बाजार कोणत्या दिवशी असतो?" त्यांनी विचारलं.

पुढच्या बाजाराला आम्ही गाडीने गेलो. कडक इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा मिरचीच्या पोत्यासमोर उभा राहिला. बसायला जमेना, म्हणून वाकला. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

"बाई," साहेब म्हणाले, आणि शेजारच्या लसणवाल्याने वळून पाहिलं, "तुमच्या आवाजाची नस माझ्या हाताने गेली. सूज नव्हती. मी खोटं बोललो."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे वळून कुजबुजल्या. साहेब हात कानामागे धरून विचारू लागले, "काय म्हणतात?"

"म्हणतात, हळू बोला, माहं गिऱ्हाईक पळून जाईन," मी त्यांच्या चांगल्या कानात सांगितलं.

वहिनी आणखी काही बोलल्या.

"आणि?"

"त्यांना हळदीचं दूध आवडत नाही. दोन वर्षं प्यायल्या."

वहिनींनी मग हात धरून त्यांना रिकाम्या पोत्यावर बसवलं आणि ते बसले. बाजार उठेपर्यंत बसले. कोणी बाई आली की वहिनी कानात कुजबुजत आणि साहेब मिरची तराजूत टाकत, एकेक मिरची पारखून, देठ एका बाजूला करून. वहिनी दोनदा वैतागल्या. येताना साहेबांनी दोन किलो मिरची विकत घेतली. घरी ते एकटेच असतात आणि तिखट त्यांना मुळीच चालत नाही.